खेळाचे पैसे घ्या, स्वच्छ चित्राचे कशाला?

कबड्डीच्या मैदानात निदान रेषेच्या एक मीटर पलीकडे बोनस रेषा असते. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूने पुढचा पाय या रेषेच्या पलीकडे टेकवला आणि त्या क्षणी त्याचा मागचा पाय हवेत असला, तर त्याला एक गुण मिळतो. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात घडतो. पंच वाकून पाहतात, बचावपटू हात वर करून 'पाय खाली होता' असं ओरडतात आणि पडद्यावर तोच क्षण संथ गतीत पुन्हा दाखवला जातो. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या घराघरांत या एका पायावरून वाद झाले. साध्या एसडी चित्रात मात्र तो पाय मॅटवर आहे की बोटभर वर आहे, हे मोठ्या टीव्हीवर कळत नाही. तिथे मातकट रंगाचा एक धूसर पट्टा दिसतो. एचडीत बुटाची टाच आणि तिच्याखालची सावली वेगळी दिसते.

हा फरक काल्पनिक नाही, मोजता येणारा आहे. आपल्याकडच्या एसडी चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके असतात. पूर्ण एचडीत 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून जास्त. पाचपट. मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा सव्वाचार लाख ठिपक्यांतही ओळखू येतो. चेंडूची शिवण, बॅटची निसटती कड, यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजखालचं गवत यांचं तसं नाही. खेळ हा एचडीची खरी गरज असलेला प्रकार आहे आणि कंपन्यांनाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये स्काय कंपनीने मे 2006मध्ये, फुटबॉल विश्वचषकाच्या तोंडावर एचडी सेवा आणली आणि तिच्यासाठी महिन्याला 10 पौंड वेगळे लावले. भारतात 2010च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या आणि पुढच्या वर्षी एकदिवसीय विश्वचषक एचडीत आला. 2 एप्रिल 2011च्या रात्री वानखेडेवर धोनीचा षटकार ज्यांनी एचडीत पाहिला, त्यांना मागे फिरणं अवघड होतं. डीटीएच कंपन्यांच्या जाहिरातींत तेव्हापासून एचडी आणि क्रिकेट हे शब्द जोडीनेच आले.

मग बिलही जोडीने आलं. आधी एचडी सेट टॉप बॉक्स साध्या बॉक्सपेक्षा महाग. मग पॅकचे पैसे. पॅकवर एचडी वाहिन्यांचे वेगळे. काही कंपन्यांनी तर वर्षानुवर्षं 'एचडी अ‍ॅक्सेस फी' नावाची एक ओळ बिलात ठेवली होती, म्हणजे एचडी वाहिन्या घेण्याआधी त्या घेण्याच्या परवानगीचे पैसे. ग्राहक चिडले ते इथे. ग्राहक मंचांपुढच्या तक्रारी, समाजमाध्यमांवरचा संताप, कॉल सेंटरवरच्या मुलामुलींशी झालेली भांडणं यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला: टीव्ही आमचा एचडी, बॉक्स आम्ही एचडीचा घेतला, वाहिनीचे पैसे भरतो, सामन्यात दर षटकानंतर जाहिराती पाहतो, मग तोच सामना नीट दिसावा यासाठी आणखी पैसे कशाचे?

या प्रश्नाला कंजुषपणा म्हणून उडवून लावणं सोपं आहे. शंभर-दीडशे रुपयांसाठी एवढा आरडाओरडा कशाला, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण ग्राहकाचा प्रश्न रकमेचा नाहीच. एकाच गोष्टीचे पैसे किती वेळा आणि कोणत्या हिशोबाने घेतले जातात, याचा आहे. तो हिशोब उघड करून पाहिला, तर ग्राहकाची बाजू बळकट ठरते.

कंपन्यांची बाजू आधी नीट ऐकायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. डीटीएचचा सगळा पसारा उपग्रहावरच्या ट्रान्सपाँडरवर उभा आहे. ट्रान्सपाँडर म्हणजे जमिनीवरून आलेला संदेश पकडून, वाढवून पुन्हा जमिनीकडे पाठवणारं यंत्र. त्याची क्षमता मर्यादित असते आणि भाडं भरमसाठ. एचडी वाहिनी एसडीपेक्षा कितीतरी जास्त जागा खाते. भारतात ही जागा दीर्घकाळ दुर्मीळ होती. जुलै 2006मध्ये इन्सॅट-4सी हा उपग्रह प्रक्षेपणातच नष्ट झाला आणि त्या काळात डीटीएच कंपन्यांच्या विस्ताराला जागेची अडचण सतत भेडसावत राहिली. पुढेही, टाटा प्ले या डीटीएच कंपनीसाठी जून 2022मध्ये फ्रेंच गयानातून जीसॅट-24 सोडला गेला, तेव्हा त्याचे सगळे 24 ट्रान्सपाँडर एकाच कंपनीला दिले गेले. एवढी भूक असलेला हा धंदा आहे. तेव्हा पहिल्या काही वर्षांत, एचडी टीव्ही मूठभर घरांत असताना, त्या घरांकडून जास्त पैसे घेणं समजण्यासारखं होतं.

पण आता कॅमेऱ्याच्या बाजूने पाहा. मोठ्या स्पर्धांचं चित्रण आज एचडीत किंवा त्याहून वरच्या दर्जात होतं. मैदानाबाहेरच्या ओबी व्हॅनमधून निघणारं मूळ चित्र एचडीच असतं. एसडी वाहिनीसाठी ते चित्र मुद्दाम लहान केलं जातं, ठिपके कमी केले जातात आणि मग तीच लढत दुसऱ्यांदा उपग्रहावर चढवली जाते. म्हणजे निर्मितीच्या टप्प्यावर जादा काम लागतं ते एसडीसाठी. आणि उपग्रहावर जागेची टंचाई आहे म्हणावं, तर एकच सामना इंग्रजीत एसडी, इंग्रजीत एचडी, हिंदीत एसडी, हिंदीत एचडी असा चार-चार वाहिन्यांवर एकाच वेळी पाठवण्याची चैन कोणाच्या खर्चाने चालली आहे? टंचाईचा एक भाग या दुहेरी प्रक्षेपणानेच तयार केला आहे. ज्यांच्याकडे जुने बॉक्स आहेत त्यांच्यासाठी एसडी चालू ठेवायला हवं, हे मान्य. पण जुन्या बॉक्सची सोय करण्याचा भार नवा बॉक्स घेणाऱ्यावर टाकण्याचं कारण नाही.

खर्चाचा युक्तिवाद किती पोकळ आहे, हे कंपन्यांच्याच दरपत्रकाने दाखवून दिलं.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 3 मार्च 2017ला नवी दररचना जाहीर केली. तोपर्यंत एचडी वाहिन्यांचे दर बाजारावर सोडलेले होते. नव्या नियमांनी प्रत्येक वाहिनीची कमाल किरकोळ किंमत जाहीर करणं बंधनकारक केलं आणि वाहिन्यांच्या गुच्छात घालायची असेल, तर त्या वाहिनीची किंमत 19 रुपयांपेक्षा जास्त नको, अशी अट घातली. स्टार या प्रसारक कंपनीने याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई केली. 30 ऑक्टोबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाने ट्रायचा अधिकार मान्य केला आणि 1 फेब्रुवारी 2019पासून नवे दर लागू झाले. त्या दरपत्रकात स्टार स्पोर्ट्स 1 एसडी 19 रुपये आणि स्टार स्पोर्ट्स 1 एचडीही 19 रुपये होती. स्टार स्पोर्ट्स 2 एसडी 6 रुपये, एचडी 19. स्टार स्पोर्ट्स सिलेक्ट 2 एसडी 7 रुपये, एचडी 10.

हे आकडे शेजारी ठेवून वाचावेत. तिन्ही ठिकाणी चित्राची उडी तीच, ठिपके तेवढेच वाढतात, ट्रान्सपाँडरवरची जागा तेवढीच लागते. तरीही एका वाहिनीला एचडीचे जादा पैसे शून्य, दुसरीला 13 रुपये आणि तिसरीला 3. एचडीची किंमत खर्चावरून ठरत असती, तर हा फरक सारखा असायला हवा होता. तो तसा नाही. जिथे 19च्या कमाल मर्यादेला डोकं टेकलं तिथे एचडीचा अधिभार गायब झाला, आणि जिथे वर जायला मोकळी जागा होती तिथे तो लागला, एका ठिकाणी तर किंमतच तीनपटीहून जास्त झाली. ज्या वाहिनीवर भारताचे मुख्य सामने होतात तीच वाहिनी एचडीत जादा पैशांशिवाय देता येते, हे 2019मध्येच सिद्ध झालं होतं. मग बाकीच्यांना ते का जमू नये?

अर्थात ग्राहकाचं समाधान तेव्हाही झालं नाही, कारण पैसे दुसऱ्या दाराने आत आले. ट्रायने नेटवर्क कपॅसिटी फी नावाचं मूळ भाडं ठरवलं होतं. 100 वाहिन्यांसाठी 130 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 153 रुपये 40 पैसे. हा आकडा 2019च्या उन्हाळ्यात केबलवाल्यापासून किराणा दुकानापर्यंत सगळ्यांना पाठ झाला होता. त्या 100च्या मोजणीत एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांइतकी धरली जायची. म्हणजे घरात आठ क्रीडा वाहिन्या एचडीत घेतल्या, तर सोळा जागा भरल्या. बिल पाहून लोक चक्रावले. 'हव्या त्याच वाहिन्या निवडा, पैसे वाचवा' असं सांगून सुरू झालेल्या योजनेत अनेकांचं बिल वाढलं.

निवडीचं स्वातंत्र्यही कागदावर राहिलं. वाहिनी सुटी घेतली तर 19, पण दहा-बारा वाहिन्यांचा गुच्छ घेतला तर त्यातली प्रत्येक वाहिनी नगण्य भावात पडते. ट्रायने ऑगस्ट 2019मध्ये स्वतःच नोंदवलं की काही गुच्छांवर 70 टक्क्यांपर्यंत सवलत दिली जात होती. ज्याला फक्त क्रिकेट आणि कबड्डी एचडीत पाहायची आहे त्याने सुट्या वाहिन्यांचा हिशोब केला, तर तो गुच्छाच्या जवळ जातो. मग तो गुच्छच घेतो आणि कधीही न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे भरत राहतो. 1 जानेवारी 2020ला ट्रायने गुच्छात घालायच्या वाहिनीच्या किमतीची मर्यादा 19वरून 12 रुपयांवर आणली. प्रसारकांनी मुंबई उच्च न्यायालय गाठलं. जून 2021मध्ये न्यायालयाने बहुतांश नियम उचलून धरले, पण प्रत्यक्षात ते लांबत गेले आणि नोव्हेंबर 2022मध्ये ट्रायने मर्यादा पुन्हा 19 केली. फेब्रुवारी 2023मध्ये नवे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल मोठ्या प्रसारकांनी तोडले, तेव्हा भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका चालू होती. दोन धनाढ्य पक्षांच्या भांडणात पडदा काळा झाला तो वर्षाचे पैसे आगाऊ भरलेल्या घरांतला.

क्रीडा प्रक्षेपणाचे हक्क महाग आहेत, हा प्रसारकांचा दुसरा मुद्दा. तो खराच आहे. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएलचे भारतीय उपखंडातले टीव्ही हक्क 23,575 कोटी रुपयांना गेले, म्हणजे एका सामन्याला साडेसत्तावन्न कोटी. एवढा पैसा ओतणाऱ्याला तो वसूल करावाच लागणार. ज्या घरात कोणी क्रिकेट पाहत नाही त्या घराने तो भार का उचलावा, हाही प्रश्न रास्त आहे. म्हणून खेळाच्या वाहिनीला किंमत असावी, ती पाहणाऱ्याने द्यावी, यात वाद नाही. पण हक्काची किंमत सामन्याची असते. बीसीसीआयने एसडी सामना आणि एचडी सामना असे दोन सामने विकलेले नाहीत. धूसर सामन्याला एक भाव आणि स्वच्छ सामन्याला दुसरा, ही विभागणी नंतर ग्राहकाच्या दारात केली जाते.

आणि इथे एक गोष्ट विसरली जाते. 9 फेब्रुवारी 1995ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात निकाल दिला की हवाई लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून सुरू झालेल्या त्या वादाने दूरदर्शनची मक्तेदारी मोडली आणि खासगी वाहिन्यांची वाट मोकळी झाली. त्या निकालाचा अर्धा भाग प्रसारकांनी मनापासून स्वीकारला. उरलेला अर्धा, म्हणजे लहरी जनतेच्या असतील तर जनतेच्या हिताची अट त्यांच्यावर राहणार, हा सोयीने मागे पडला.

2007च्या कायद्याने ती अट काही प्रमाणात परत आली. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धांचा सिग्नल खासगी प्रसारकाने प्रसार भारतीला द्यायचा आणि जाहिरातीचं उत्पन्न 75 आणि 25 टक्के असं वाटून घ्यायचं, असं ठरलं. त्यामुळे काही वर्षं केबल आणि डीटीएचच्या ग्राहकांना दूरदर्शनच्या वाहिनीवर भारताचे सामने जादा पैशांशिवाय दिसत होते. ऑगस्ट 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावताना सांगितलं की हा सिग्नल दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरच्या आणि फ्री डिश या फुकट सेवेच्या जाळ्यापुरताच वापरता येईल. तेव्हापासून पैसे भरणाऱ्या डीटीएच ग्राहकाला भारताचा सामना असताना दूरदर्शनवर दुसरंच काहीतरी दिसतं आणि फुकट डिश लावणाऱ्याला तोच सामना दिसतो. 2018मध्ये केंद्र सरकारने कायदा दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, पण तो पुढे कायद्यात उतरला नाही. पैसे भरणाऱ्याची सोय कमी आणि न भरणाऱ्याची जास्त, ही विसंगती आहे. फ्री डिशवाल्याची सोय काढून घ्या, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. डीटीएचच्या ग्राहकालाही तोच सिग्नल आणि तोही एचडीत मिळावा, एवढीच मागणी आहे.

उपग्रहाच्या ग्राहकाच्या जखमेवर मीठ चोळलं ते मोबाइलने. 2023च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने सगळे सामने फोनवर फुकट दाखवले, तेही 4केपर्यंतच्या दर्जात. बारा भाषांत समालोचन होतं आणि त्यात मराठी होती. छतावर डिश लावून महिन्याला बिल भरणाऱ्या माणसाने हे पाहिलं. ज्या स्वच्छ चित्रासाठी आपण इतकी वर्षं वेगळे पैसे दिले ते शेजारच्या कॉलेजच्या पोराच्या हातात फुकट, तेही आपल्या भाषेत. तो फुकटपणा टिकणारा नव्हता. नोव्हेंबर 2024मध्ये आयपीएलचे टीव्ही आणि डिजिटल हक्क असलेल्या दोन मोठ्या कंपन्यांचं विलीनीकरण पूर्ण झालं, ते हक्क एकाच छताखाली आले आणि 2025च्या हंगामात फोनवरही थोडा वेळ पाहून झाल्यावर पैशांची पाटी येऊ लागली. पण 2023 आणि 2024च्या फुकट हंगामांनी एक गोष्ट ग्राहकाच्या मनात पक्की केली: एचडी ही चैन आहे, हा समज कंपन्यांनी त्याच्यावर लादलेला होता.

इतकी नाराजी आहे तर ग्राहक कंपनी का बदलत नाही? कारण बॉक्स त्याला अडवतो. मोबाइलचं सिम बदलता येतं, नंबरही तोच राहतो. डीटीएचचा बॉक्स मात्र ज्या कंपनीचा त्याच कंपनीला जखडलेला. दुसरीकडे जायचं तर नवा बॉक्स, नवं जोडकाम आणि बहुधा छतावर नवी छत्री. ट्रायने एप्रिल 2020मध्ये कोणत्याही कंपनीत चालेल असा बॉक्स सक्तीचा करण्याची शिफारस सरकारकडे केली. ग्राहकाच्या हातात अजून तो आलेला नाही. ज्या बाजारात दुकान बदलायला एवढा खर्च येतो तिथे दुकानदाराला ग्राहकाच्या रागाची भीती राहत नाही.

शेवटी लोक कंपनी बदलत नाहीत, डीटीएचच सोडतात. ट्रायच्या नोंदींनुसार पैसे भरून डीटीएच घेणारे सक्रिय ग्राहक मार्च 2021मध्ये सुमारे 6 कोटी 96 लाख होते. मार्च 2025मध्ये ते 5 कोटी 69 लाखांवर आले. चार वर्षांत सव्वा कोटीहून अधिक घरं गेली. सगळी एचडीच्या पैशांवरून गेली असं कोणी म्हणणार नाही. फोन, स्वस्त डेटा, फायबर, फ्री डिश अशी कारणं अनेक आहेत. पण जे राहिले आहेत त्यांच्यात थेट सामना मोठ्या पडद्यावर, न अडखळता पाहणारे बरेच आहेत. ज्या गावात फायबर पोहोचलेलं नाही, जिथे डेटा संध्याकाळी रडतखडत चालतो, तिथे उपग्रहाचं चित्र अजूनही सगळ्यात भरवशाचं आहे, पावसाळ्यातल्या दोन-चार जोरदार सरी सोडल्या तर. धंद्याच्या हिशोबानेही या ग्राहकाला आणखी पिळण्यात शहाणपण नाही.

करायचं काय, हे फार गुंतागुंतीचं नाही. एकाच वाहिनीच्या एसडी आणि एचडी रूपाला एकच किंमत असावी, जशी स्टार स्पोर्ट्स 1ला 2019मध्ये होती. ज्याच्या घरी एचडी बॉक्स आहे त्याला वाहिनी आपोआप एचडीत मिळावी आणि ज्याच्याकडे जुना बॉक्स आहे त्याला एसडीत. 2007च्या कायद्याखालचा सिग्नल सगळ्या जाळ्यांवर, पूर्ण दर्जात दिसावा. बॉक्स कोणत्याही कंपनीत चालावा. आणि जुलै 2024मध्ये ट्रायने नेटवर्क कपॅसिटी फीवरची कमाल मर्यादा काढून ती कंपन्यांवर सोडली आहे, त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा. बाजारात दोन-चारच दुकानं असताना आणि ग्राहक बॉक्सला बांधलेला असताना, दर मोकळे सोडण्याची ही वेळ नव्हे.

तोवर ग्राहकाला स्वतः करण्यासारखं थोडं आहे. आपल्या खात्यातली वाहिन्यांची यादी एकदा नीट वाचावी. एकाच गुच्छात एका वाहिनीची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपं घालायला नियमाने बंदी आहे, पण एक गुच्छातून आणि दुसरी सुटी अशी दोन्ही खात्यात असू शकतात आणि दोन्हींचे पैसे कापले जात राहतात. त्यातली एसडी काढून टाकावी. बिल चुकलं तर आधी कंपनीच्या तक्रार क्रमांकावर, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, पण जिल्हा ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. आणि दरांविषयी ट्राय जेव्हा सल्लापत्र काढते तेव्हा त्यावर कोणालाही लेखी मत पाठवता येतं. तिथे प्रसारकांचे वकील शेकडो पानं पाठवतात. ग्राहकांचीही पत्रं तिथे पोहोचायला हवीत, बिलाच्या प्रतीसह.